मिकलमस म्हणजे काय रे भाऊ?

ऑक्सफर्डला लॉ करायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी ऑफिसात जाऊन 'मायकेलमास टर्म' असं ठणकावून म्हणाले, समोरच्या बाई गालात हसल्या. उच्चार मिकलमस, हे आधी पाठ करा. मिकलमस म्हणजे तिथल्या वर्षाची पहिली टर्म, ऑक्टोबरात सुरू होणारं सत्र.

29 सप्टेंबरला सेंट मायकेलचा सण असतो, त्यावरून ते नाव. पूर्वी तिकडे जमिनीचा खंड याच सुमाराला चुकता करायचे, गडीमाणसं ठेवायची तीही तेव्हाच, म्हणजे आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठेवतात ना अगदी तसंच, हे कळल्यावर मला ते नाव एकदम घरचं वाटायला लागलं. त्यानंतरची टर्म हिलरी, तेही कोणा बाईचं नाव नाही बरं, सेंट हिलरी, सण 13 जानेवारीचा.

आता खरा घोळ. ऑक्सफर्डमध्ये मिकलमस, हिलरी, ट्रिनिटी. केंब्रिजमध्ये मिकलमस, लेंट, ईस्टर. डरहमला मधली टर्म एपिफनी. आणि इंग्लंडच्या कोर्टात चार: मिकलमस, हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी. ईस्टर टर्ममध्ये ईस्टर येतच नाही, ती सण उरकल्यावर सुरू होते!

नाव सेम म्हणून तारखाही सेम समजू नका. मी समजले. एका बॅरिस्टर चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टर लोकांच्या ऑफिसात, आठवडाभर काम बघायला बोलावलं होतं, 'मिकलमसचा शेवटचा आठवडा'. ऑक्सफर्डची टर्म आठच आठवड्यांची, डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणून मी 10 तारखेचं मुंबईचं तिकीट काढून मोकळी, आणि कोर्टाचं मिकलमस चालतं पार नाताळच्या तोंडापर्यंत. तिकीट बदलायला किती गेले ते आईला अजून सांगितलेलं नाही.

बाबासाहेबांनी 1916 ला ग्रेज इनमध्ये, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या संस्थेत, नाव घातलं, 1922 ला बॅरिस्टर झाले, तेव्हा टर्म 'भरायची' म्हणजे इनच्या हॉलमध्ये ठरलेली जेवणं जेवायची. परीक्षा वेगळ्या, त्या होत्याच.

मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी: शाळेत ही संतमंडळी सहसा नसतात, ऑटम, स्प्रिंग, समर एवढंच, आणि प्रत्येक टर्मच्या मधोमध हाफ-टर्मची सुट्टी, बहुतेक ठिकाणी आठवडाभर. फक्त स्प्रिंग टर्म जानेवारीत सुरू होते, बाहेर कडाक्याची थंडी आणि दप्तरात स्प्रिंगचं टाइमटेबल.

ऑक्सफर्डला येत असाल तर अजून एक, तिथे तारीख कोणी सांगत नाही, 'थर्ड वीकचा मंगळवार' म्हणतात, आठवडा रविवारी सुरू होतो आणि पहिल्याच्या आधी शून्यावा आठवडा असतो. सामान घेऊन त्यातच पोचा.