ब्लॉट कोरा आला म्हणून प्रोटीन नाही असं होत नाही

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले चार महिने मी कोऱ्या वेस्टर्न ब्लॉटपायी घालवले. (वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर घ्यायची आणि हवं ते अँटीबॉडीने शोधायचं; सापडलं की एक रेघ, म्हणजे बँड, दिसतो.) तीच अँटीबॉडी फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिला चिकटलेली अँटीबॉडी मोजायची पद्धत) जिवंत पेशींवर लख्ख सिग्नल द्यायची. गाइड म्हणायचे, "पुन्हा कर." मी पुन्हा करायचे. अँटीबॉडी वाढवली, दुधाऐवजी बीएसए या गाईच्या सीरममधल्या प्रोटीनने ब्लॉकिंग केलं, म्हणजे मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकल्या, एक्सपोजर वाढवलं. फिल्म काळी व्हायची, बँड नाही. मला वाटायला लागलं, आपल्या हातालाच हे काम जमत नाही.

खरी गडबड जेल चढवण्याआधीच होत होती. सॅम्पलमध्ये बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घालून (तो कुजका वास अजून नाकात आहे) ९५ अंशांवर ५ मिनिटं ठेवायचे, तिथेच एपिटोप, म्हणजे प्रोटीनवरची अँटीबॉडी ओळखते ती जागा, मोडत होता.

एपिटोप म्हणजे दर वेळी अमिनो आम्लांचा सलग तुकडा नसतो. साडीच्या निऱ्या घातल्या की एकमेकींपासून हातभर लांब असलेल्या दोन बुट्ट्या शेजारी येतात. निऱ्या सुटल्या की पुन्हा लांब. बऱ्याच अँटीबॉडी असा शेजारच ओळखतात. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम आणि डी१.३ अँटीबॉडी यांची स्फटिकरचना १९८६ साली प्रसिद्ध झाली, ती जरूर बघा. १२९ अमिनो आम्लांच्या साखळीतले १८ ते २७ आणि ११६ ते १२९ हे दोन पट्टे घडीमुळे जवळ येतात, आणि अँटीबॉडी दोन्हींना मिळून धरते. सॅम्पलमधला एसडीएस हा डिटर्जंट आणि उष्णता घडी उलगडतात, मरकॅप्टोइथेनॉल घडी बांधून ठेवणारे डायसल्फाइड बंध तोडतं. प्रोटीन मेम्ब्रेनवर असतं, पण अँटीबॉडीला हवी ती जागा उरलेली नसते.

उलटंही घडतं. छोट्या पेप्टाइडवर बनवलेली अँटीबॉडी ब्लॉटवर सुरेख बँड देते आणि घडीतल्या प्रोटीनला शिवतही नाही, कारण तो तुकडा आत दडलेला असतो.

म्हणून सिनियरने "ही चालते" म्हणत हातात ठेवलेली ट्यूब तशीच वापरू नका. कशात चालते, इम्युनोजेन (प्रोटीनचा जो भाग टोचून ती बनवली तो) काय होतं, हे डेटाशीटमध्ये वाचा. नुसतं "पुन्हा कर" हे मार्गदर्शन नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

अडकला असाल तर घाबरू नका, एका दिवसात छडा लागू शकतो. अर्धं सॅम्पल मरकॅप्टोइथेनॉल न घालता, न उकळता चढवा. मध्ये एक लेन रिकामी सोडा, नाहीतर मरकॅप्टोइथेनॉल शेजारी झिरपतं. माझा बँड असाच आला, अपेक्षेपेक्षा जरा खाली, कारण बंध शाबूत असलेलं प्रोटीन आटोपशीर राहून जेलमध्ये पुढे पळतं. तरीही नाहीच आला, तर या अँटीबॉडीने आयपी (इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे न उलगडलेलं प्रोटीन अँटीबॉडीने द्रावणातून ओढून काढणं) करा आणि ब्लॉटसाठी सलग एपिटोप ओळखणारी दुसरी घ्या.