आलेलुया पन्नास दिवस पुरला पाहिजे

दरवर्षी आपला गायनवृंद सगळा जीव ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्रीच्या जागरणविधीत ओततो आणि पुढच्याच रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. मला ते फार लागतं. ईस्टरपासूनचा पुनरुत्थानकाळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा आहे, म्हणून यंदा आधी वहीत लिहून घेऊ: मे महिन्यात कोण कधी गावाला जाणार. दर रविवारी सूर धरणारे दोघं तरी कोल्हापुरात हवेत.

ईस्टर ठरतो पौर्णिमेवरून, त्यामुळे कित्येक वर्षी जोतिबाची चैत्र यात्राही त्याच सुमारास येते. केर्लीच्या बाजूने येणाऱ्यांना त्या गर्दीत संध्याकाळचा सराव गाठता येत नाही. ते दोन-तीन दिवस सराव सकाळी ठेवू.

आता शनिवारची रात्र. चर्च अंधारात असतं, हातात मेणबत्ती असते, वही धरायची सोय नाही. स्तोत्रांचे प्रतिसाद पाठच हवेत. जुन्या करारातली वाचनं कमी केली तरी तांबड्या समुद्राचं वाचन गाळत नाहीत, तेव्हा त्यामागचं, बायबलच्या निर्गम पुस्तकातलं विजयगीत सगळ्यात आधी बसवा. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या ग्लोरियापासून, म्हणजे देवाच्या गौरवगीतापासून, पेटी फक्त गाण्याच्या आधारापुरती, ती शनिवारच्या ग्लोरियाला घंटांबरोबर मोकळी होते. भाता आणि अडकणाऱ्या पट्ट्या आठवडाभर आधीच दाखवून आणा.

सगळ्यात जास्त वेळ आलेलुयाला, म्हणजे देवस्तुतीच्या घोषाला द्या. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळभर तो आपण उच्चारलेला नसतो. त्या रात्री फादर तो तीनदा म्हणतात, दर वेळी सूर चढवून, आणि लोक प्रत्येक वेळी मागून गातात. पहिला पांढरी एकमध्ये घेतला तर दुसरा पांढरी दोन, तिसरा पांढरी तीन. मागच्या बाकावरच्या आजींनाही तिसरा गाता येतो. सुरुवातच उंच केली तर लोक गप्प होतात आणि आपणच गात राहतो. फादरांबरोबर एकदा तरी हे करून बघाच.

ईस्टरच्या सकाळी ‘व्हिक्टिमे पास्काली’ हे लॅटिन गीत आलेलुयाआधी गायचंच असतं; पेंटेकॉस्टला ‘व्हेनी सांक्ते स्पिरितुस’. दुसऱ्याचा सराव मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, शेवटी कधीच होत नाही. आंजेलुस या रोजच्या प्रार्थनेऐवजी या काळात ‘रेजिना चेली’ हे मरियामातेचं गीत असतं, ते मुलांना शिकवू. पहिले आठ दिवस मिस्साच्या (उपासनेच्या) शेवटच्या निरोपाला दोन आलेलुया जोडतात, मग थेट पेंटेकॉस्टलाच. वहीत त्या तारखांपुढे लाल खूण करा.