थर्मामीटर कुठे बुडवलाय ते आधी बघा

१.०३८. घरी बिअर करताना सलग पाच बॅचेसना हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायची काचेची नळी, याच आकड्याच्या आसपास अडकला. माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) ५ किलो, बिअर २३ लिटर. चांगल्या पेल माल्टच्या किलोमागे लिटरला जास्तीत जास्त ३०० अंश (१.०३८ म्हणजे ३८ अंश) सुटतात, म्हणजे ५ किलोचे १५००. त्यातले ७५ टक्के हाती लागले आणि २३ लिटरांत वाटले तरी ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०४९ यायला हवी. मला ५८ टक्केच मिळत होते. कोल्हापुरात मायक्रोबायॉलॉजी शिकताना एन्झाइम्स माझा सगळ्यात आवडता विषय होता, आणि इथे इंग्लंडमध्ये लेस्टरच्या गॅरेजमध्ये मला स्टार्चची साखर करता येईना. चौथ्या बॅचनंतर सगळं सामान विकून टाकायचं ठरवलं होतं. आज मी एका छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, आठवड्याचे तीन दिवस काम करते आणि जनरल सर्टिफिकेट इन ब्रूइंग या बिअर बनवण्याच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. तरी तो आकडा आठवला की अजून पोटात कालवतं.

एक गोष्ट आधीच सांगते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरीसुद्धा करता येत नाही. पुण्या-मुंबईत असाल आणि या क्षेत्रात यायचं असेल, तर एखाद्या मायक्रोब्रुअरीत भांडी घासायच्या कामापासून सुरुवात करा. तिथे मॅशजवळ उभं राहायला मिळतं, आणि सुरुवातीला तेवढंच हवं असतं.

मॅशिंग म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात धरून त्यातल्या स्टार्चची साखर करणं; ते मिश्रण म्हणजे मॅश. आईला नाचणीचं सत्त्व करताना पाहिलं असेल तर अर्धं काम झालंच. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ राहते. तिथे स्टार्च तोडणारं जे अमायलेज एन्झाइम काम करतं, तेच इथे जवाच्या माल्टमध्ये करतं. त्याचे दोन प्रकार: बीटा-अमायलेजला ६० ते ६५ अंश मानवतात, अल्फाला ७० च्या आसपास. म्हणून आपण ६६-६७ वर तासभर मॅश धरतो, दोघांनाही काम करता येतं. पण त्याआधी जवाचा स्टार्च फुलायला हवा, आणि तो साधारण ६० ते ६५ च्या दरम्यान फुलतो. तांदूळ शिजल्याशिवाय भात होत नाही, तसंच. स्टार्च कच्चा राहिला तर एन्झाइम भरपूर असूनही त्यांच्या हाताला काही लागत नाही.

आता माझा सापळा. सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाला तो दिसतच नाही.

माझं भांडं इलेक्ट्रिक, ऑल-इन-वन. आत जाळीचं टोपलं, त्यात माल्ट. टोपल्याखाली कॉइल, कॉइलशेजारी सेन्सर. पंप खालचा वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उचलून वरून पुन्हा माल्टवर सोडतो. डिस्प्लेवर ६६ लिहून येतं आणि तुम्ही निर्धास्त होता. पण ते ६६ कुणाचे? टोपल्याखालच्या, आत्ताच तापलेल्या पाण्याचे. माल्ट टोपल्यात आहे आणि त्याचं तापमान कुणीच मोजत नाहीये. प्रवाह चांगला असेल तर दोन्हीत जेमतेम अंशाचा फरक पडतो. प्रवाह मंदावला की फरक वाढत जातो, आणि डिस्प्ले तरीही ६६ च म्हणतो.

मी काय केलं? ग्रॅव्हिटी कमी येते म्हणजे भरड जाड पडत असणार, असं ठरवलं. माल्ट दळायच्या मिलच्या रोलरमधलं अंतर १.२ मिलिमीटरवरून ०.८ वर आणलं. भरडीचं जवळजवळ पीठ झालं. जवाची सालं फाटली, आणि सालं हीच तर आपली गाळणी असते. वर्ट खाली उतरेना. खाली उरलेलं थोडंसं पाणी पटकन तापे, सेन्सर ६६ दाखवे, कंट्रोलर कॉइल बंद करे. नोव्हेंबरात गॅरेजमध्ये ६ अंश असायचे, त्यात वरचा माल्ट गार होत जाई. म्हणजे उपाय म्हणून जे केलं त्यानेच दुखणं वाढलं. शिवाय जाळीतून पडलेलं पीठ कॉइलवर बसून खाली लागायचं. खिमट तळाला धरल्यावर येतो तसा वास. तो वास आला तर पंप आणि कॉइल दोन्ही लगेच बंद करा. करपलेली चव बिअरमधून जात नाही.

आमच्या ब्रूइंग क्लबात एक आजोबा आहेत, बर्टन गावच्या ब्रुअरीत आयुष्य गेलेलं. त्यांनी माझी वही मागितली, पाचही पानं शांतपणे वाचली आणि एकच विचारलं, "हे ६६ कुठे मोजलेस?" पुढच्या शनिवारी ते काचेचा लांब थर्मामीटर घेऊन गॅरेजमध्ये आले. टोपल्याच्या मध्ये बुडवला: ६०.५. कडेला: ५८. डिस्प्लेवर त्याच क्षणी ६६.०. पांढऱ्या बशीत दोन थेंब वर्ट घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. काळी-निळी शाई सांडल्यासारखा डाग पडला. तासभर मॅश होऊनही स्टार्च तसाच होता. मी रडले, हे लपवत नाही.

गुरू असा हवा असं माझं ठाम मत आहे. तुमच्या हातातली पळी काढून घेऊन स्वतः ढवळणारा नको. तो तुमची बॅच वाचवेल, पण तुम्हाला शिकवणार नाही.

थर्मामीटर तपासायलाही शिका. बर्फ कुटून पाण्यात कालवा, शून्य यायला हवा. उकळत्या पाण्यात इथे १०० यायला हवेत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे ९८ च येतील, तेव्हा घाबरू नका. पण दोन टोकांना बरोबर असलेला थर्मामीटर ६६ लाही बरोबर असेलच असं नाही. प्रयोगशाळेचा एक काचेचा थर्मामीटर विकत घ्या आणि बाकीचे ६६ अंशांच्या पाण्यात त्याच्या शेजारी धरा. गोल तबकडीवाल्यांवर तर मुळीच विसंबू नका.

हायड्रोमीटरचंही तेच. माझा २० अंशांसाठी बनवलेला आहे. ६० अंशांच्या गरम वर्टमध्ये तो ग्रॅव्हिटीचे १५ अंश तरी कमी दाखवतो. नमुना गार करा, मग वाचा. हे न केल्यामुळे पहिल्या बॅचला मी उगाच रात्रभर जागले होते.

मॅश अडला, म्हणजे वर्ट खाली येईनासाच झाला, तर जोर लावू नका. पंप बंद, नळ बंद. वरून हलक्या हाताने ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, मग नळ अगदी थोडा उघडा. तरी हलला नाही तर खालून थोडं गरम पाणी सोडून सगळा थर वर उचला. गव्हाचा माल्ट असेल तर तो अडणारच, कारण गव्हाला साल नसते. त्यासाठी भाताचं तूस मिळतं. वजनाच्या ५ टक्के घ्या, धुऊन, भिजवून मिसळा. मी इथल्या दुकानात तुसाला पौंड मोजले तेव्हा गावाकडची भाताची गिरण आठवली.

आयोडीन काळं आलं म्हणून बॅच फेकू नका. मधलं तापमान ६६ वर आणा आणि आणखी अर्धा तास थांबा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. माझ्या सहाव्या बॅचला चाळीस मिनिटं जास्त लागली, पण डाग पिवळाच राहिला.

पीएच, म्हणजे मॅशचा आंबटपणा, याबद्दल सगळे बोलतात. ५.२ ते ५.६ हवा, गार केलेल्या नमुन्यात मोजलेला. लेस्टरचं पाणी जड आहे, त्यामुळे फिक्या बिअरसाठी मी थोडं लॅक्टिक अॅसिड घालते. पण तापमानाचा घोळ निस्तरेपर्यंत पीएचला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. चमचाभर टाकलं की पीएच आपोआप जागेवर, अशी पावडर मीही आणली होती. माझ्या मॅशमध्ये पीएच जिथल्या तिथे राहिला, फक्त पैसे गेले. उलट कापडी पिशवीत माल्ट घालून साध्या पातेल्यात मॅश करण्याला लोक शॉर्टकट म्हणून नाक मुरडतात, ते मला अजिबात पटत नाही. पिशवीत पळी घालून तुम्ही स्वतः ढवळता, गुठळ्या फोडता, थर्मामीटर हवा तिथे खुपसता. मी पुन्हा सुरुवात केली तर पहिल्या दहा बॅचेस पिशवीतच करीन.

आधणाचा, म्हणजे माल्टवर ओतायच्या गरम पाण्याच्या तापमानाचा, हिशोब अॅपवर सोडू नका, हातानेही करून बघा. किलोला ३ लिटर पाणी, माल्ट १५ अंशांचा आणि मॅश ६६ ला हवा, तर आधण ७३ च्या आसपास लागतं. थंडीत माल्ट ८ अंशांचा असेल तर ७४. गार भांडं आणखी थोडी उष्णता खातं, ते प्रत्येकाने आपल्या भांड्याचं शोधायचं.

मिल मी परत १.२ वर नेली. पंपाचा प्रवाह मंदावू देत नाही, भांड्याभोवती जुनी गोधडी गुंडाळते आणि दर पंधरा मिनिटांनी तीन जागी मोजून वहीत लिहिते: मध्ये, कडेला, तळाशी. गेल्या शनिवारी ६६, ६५, ६७ आले, आणि शेवटी १.०४८. कडेचा तो एक अंश अजून भरून निघत नाही. या आठवड्यात झाकणालाही अस्तर लावून बघणार आहे.