डेंग्यूचा ताप उतरला म्हणून वही बंद करू नका: घरच्या पेशंटवर आणि गल्लीवर लक्ष कसं ठेवायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या आज्जीला चार दिवस १०३ ताप होता, पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं आणि आम्ही सगळे सुटलो बाबा एकदाचे म्हणून खुश, आज्जी मात्र भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेली, चहा पण नको म्हणाली. काकूनं उशाची वही उघडली तर रात्री दहानंतर लघवीची नोंदच नाही. तो रिकामा रकाना बघून आज्जीला लगेच बेळगावला नेलं, सलाईन लागलं, ती वाचली.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो हो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे ताप कमी होतो आणि त्याच वेळी काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, बीपी पडतं, ते २४ ते ४८ तास डोळ्यात तेल घालून बघायचे.

म्हणून पोरांची एखादी जुनी वही घ्या, पेन दोरीनं बांधून पेशंटच्या उशाला ठेवा. वर मोठ्या अक्षरात ताप कुठल्या तारखेला सुरू झाला ते लिहा, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारतात आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच आठवत नाही. खाली वेळ, ताप, किती पाणी पेज ताक पोटात गेलं, लघवी कधी झाली, उलटी, आणि माणूस कसा वाटतोय. दर चार तासांनी लिहायचं, रात्री पण, आळीपाळीनं जागा. एनएस-१ टेस्ट (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या पाच दिवसात करायची, त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी बघणारी). एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच असं धरू नका. तिसऱ्या दिवसापासून डॉक्टर सांगतील तसं रोज सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, आणि रिपोर्ट तारखेनं लावून ठेवायचे. आपल्याकडं सगळे फक्त प्लेटलेट किती एवढंच विचारतात, पण त्याच कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते, असतं ते बघा, प्लेटलेट उतरतायत आणि हे चढतंय म्हणजे पाणी झिरपतंय, तो कागद लगेच डॉक्टरांना दाखवा.

पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातनं किंवा नाकातनं रक्त, काळी शी, दम लागणं, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी नाही, किंवा माणूस एकदम सुस्त नाहीतर चिडचिडा, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. नखाचं पण बघत जा, बोटाचं नख दाबून पांढरं करायचं आणि सोडायचं, दोन सेकंदात गुलाबी झालं नाही तर गडबड आहे.

गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारी माणसं, शुगरवाले, किडनी हार्टवाले यांना पहिल्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी मोठा ताप येतच नाही, नुसती जेवणावरची वासना जाते. किडनी हार्टवाल्यांना पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या डोसनंच. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधनं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन अजिबात आणू नका, रक्तस्राव वाढतो. हार्टसाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मात्र मनानं बंद करू नका, विचारा. पपईच्या पानाच्या रसावर भरवसा ठेवून दवाखाना लांबवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

आता गल्लीचं. आपल्या भागात एक घोळ होतो, कर्नाटकातल्या निपाणी चिकोडीकडचं माणूस महाराष्ट्रात कोल्हापूर, गडहिंग्लज, मिरजेला अॅडमिट होतं, बरं होऊन घरी येतं आणि इथल्या पीएचसीला, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला, पत्ताच नसतो. कर्नाटकानं २०२४ मधे डेंग्यूला साथरोग म्हणून जाहीर केलंय, त्यामुळं उपचार कुठं पण होऊ दे, रिपोर्टचा फोटो आपल्या आशाताईला दाखवा, कन्नड फॉर्म भरायला पण त्याच मदत करतात. आठवड्याभरात एकाच गल्लीत दोन तीन घरात ताप दिसला तरी सांगा, टेस्टची वाट बघू नका, म्हणजे आशाताई वेळेवर येऊन डासांच्या आळ्या बघतील.

पेशंटला दिवसा पण मच्छरदाणीत ठेवा, हा डास दिवसा चावतो आणि पेशंटला चावून मग दुसऱ्याला देतो. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून आपण बॅरल, हंडे, टाकी भरून ठेवतो, तिथंच अंडी. अंड्यापासून डास व्हायला आठवडा दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा सगळं रिकामं करायचं, आणि नुसतं ओतून चालत नाही, आतली कड काथ्यानं घासायची, कारण अंडी तिथं चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात, परत पाणी भरलं की फुटतात. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली विसरू नका, आमच्याकडं आळ्या तिथंच सापडल्या.