विशेषण खोडा, घटना लिहा: कामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार आणि चौकशी कशी हाताळावी

"साहेब मला सतत मानसिक त्रास देतात, त्यांनी माझं जगणं मुश्कील केलंय." तक्रार अर्जात हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलंय. लिहिणाऱ्यावर काय वेळ आली असेल ते त्यातून कळतं, पण चौकशीला बसलं की या वाक्याचं काहीच करता येत नाही. साहेब म्हणतात, "मी कुणाला त्रास देत नाही." झालं, गाडी तिथेच अडते.

तेच असं लिहिलेलं बघा: "३ तारखेला सकाळी साडेदहाच्या मीटिंगमध्ये सात जणांसमोर साहेबांनी माझा अहवाल टेबलावर आपटला. 'हे लहान पोरानंसुद्धा नीट केलं असतं,' असं ते म्हणाले. त्यानंतरच्या तीन मीटिंगांना मला बोलावलं नाही." आता विचारायला सात माणसं आहेत आणि तपासायला मीटिंगची निमंत्रणं आहेत. तक्रार करणारा, चौकशी करणारा आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, तिघांनाही मी हेच सांगते: विशेषण खोडा, घटना लिहा.

आधी ठरवा: वाद आहे की छळ?

कामावरून खटके उडतात. चूक दाखवणं, मुदत पाळायला लावणं, कामाचा हिशेब मागणं हा वरिष्ठांचा अधिकारच आहे आणि ते कडक शब्दांत केलं म्हणून लगेच छळ होत नाही. छळात माणसाला खाली दाखवणं हाच उद्देश किंवा परिणाम असतो: चारचौघांत पाणउतारा, टोमणे, मुद्दाम डावलणं, माहिती दडवून चूक करायला लावणं, काम काढून घेऊन नुसतं बसवून ठेवणं.

या विषयाचा पाया १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञानं घातला. त्यानं अभ्यासासाठी कसोटी ठेवली होती: आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. ही कसोटी वाचून कुणी सहा महिने मोजत बसू नये, म्हणून पुढचंही सांगते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१९ साली कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. घटना एकदाच घडलेली असो वा पुन्हा पुन्हा, ती त्यात मोडू शकते, असं हा करार स्पष्ट म्हणतो.

नुसता वाद असेल तर आधी समोरासमोर बोला. "तुम्ही नेहमीच असं करता" असं नको. "काल माझं बोलणं तीनदा तोडलंत, मला मुद्दा पुरा करता आला नाही," एवढंच. समोरच्याची भीती वाटत असेल तर मात्र हा टप्पा सोडून द्या; तक्रारीआधी स्वतः बोललंच पाहिजे असं कुणी दडपण आणत असेल तर ते मानू नका. आणि प्रकरण लैंगिक छळाचं असेल तर त्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी कायद्यानंच वेगळा आखलेला असतो. तिथे तडजोडीची घाई कुणीही करू नये.

वही ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. घटना घडली त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, तुम्ही काय केलंत, नंतर कुणाला सांगितलंत. शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. "अपशब्द वापरले" या दोन शब्दांवरून चौकशी करणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याच संध्याकाळची चार ओळींची नोंद सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या चार पानांपेक्षा भारी ठरते, कारण तेव्हा तक्रार करायचं तुमच्या मनातही नसतं.

ही वही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. मेसेज आणि ईमेल जपा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. मूळ तक्रार बाजूला राहून तुमच्यावरच कारवाई सुरू होऊ शकते. लपून रेकॉर्डिंग करण्याआधी तुमच्या इथला कायदा पाहून घ्या.

अर्ज

एक-दोन पानं पुरतात. घटना तारखेप्रमाणे, क्रमांक घालून. प्रत्येकीखाली साक्षीदार आणि पुरावा. शेवटी तुम्हाला काय हवंय ते: वागणं थांबावं, बदली, लेखी माफी, मूल्यांकनाचा फेरविचार. हे बरेच जण लिहीतच नाहीत आणि मग त्यांना नको तोच तोडगा गळ्यात पडतो. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातात अर्ज देऊ नका, त्याच्या वरच्याकडे किंवा एचआरकडे द्या. आणि पोच घ्या.

अर्ज तुमच्या टेबलावर आला तर

"ही गोष्ट आपल्या दोघांतच राहील," असं वचन देऊ नका. ते पाळता येत नाही. समोरच्याला आरोप सांगितल्याशिवाय चौकशीच होत नाही. "ज्यांना कळायला हवं त्यांनाच कळेल," एवढं सांगा. "अरे, तो तसा मनानं वाईट नाही," हेही नको. त्या क्षणी समोरचा माणूस मिटतो आणि पुन्हा उघडत नाही.

त्याच दिवशी पुरावा सुरक्षित करा. सीसीटीव्हीचं चित्रण काही काळानं आपोआप पुसलं जातं. दोघांना वेगळं ठेवायची गरज पडली तर तक्रारदाराला हलवायची सोय सगळ्यांना सोपी वाटते, पण तिचा अर्थ सगळं ऑफिस शिक्षा असाच लावतं. त्याची स्वतःची इच्छा असेल तरच तसं करा.

चौकशी

दोन गोष्टींवर सगळी चौकशी उभी असते. प्रकरणात ज्याचा हितसंबंध आहे त्यानं न्याय करायला बसू नये, आणि दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय होऊ नये. म्हणून चौकशी करणारा आरोप असलेल्याच्या हाताखालचा नको, जेवायला रोज बरोबर बसणाराही नको. आरोप लेखी द्या आणि उत्तराला वेळ द्या.

प्रश्न कसे विचारता यावर सगळं अवलंबून असतं. माझ्या सुरुवातीच्या एका चौकशीत मी साक्षीदाराला विचारलं, "ते तिच्यावर ओरडले तेव्हा तुम्ही तिथे होतात ना?" तो "हो" म्हणाला. पुढच्या चौघांनाही मी तसंच विचारलं, चौघंही "हो" म्हणाले. नंतर अपिलात हे पाचही जबाब बाद झाले, कारण 'ओरडले' हा शब्द माझा होता, त्यांचा नव्हता. त्या बाईंचं म्हणणं खरं होतं असं मला आजही वाटतं आणि ते माझ्यामुळे सिद्ध होऊ शकलं नाही. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो: "त्या मीटिंगमध्ये तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत?" मग गप्प राहायचं. माणूस थांबतो, पाण्याचा ग्लास फिरवतो, आणि मग नेमकं वाक्य सांगतो. साक्षीदारांना एकेकटं भेटा, जबाब वाचून दाखवा, दुरुस्त्या करू द्या, सही घ्या.

निष्कर्ष प्रत्येक आरोपावर वेगळा लिहा. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा सहसा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का, एवढं पाहतात. रडणं, अडखळणं, नजर चुकवणं यावरून खरं-खोटं ठरवू नका. घाबरलेला खरा माणूसही अडखळतो. जबाब त्या वेळच्या कागदांशी जुळतो का, ते पाहा. आणि "सिद्ध झालं नाही" म्हणजे "तक्रार खोटी" असं अहवालात चुकूनही लिहू नका.

आरोप तुमच्यावर असेल तर

तक्रारदाराला फोन करू नका, मध्यस्थ पाठवू नका, एकही मेसेज पुसू नका. प्रत्येक मुद्द्याला घटनेनंच उत्तर द्या. "माझी वीस वर्षांची सेवा निष्कलंक आहे" हेही विशेषणच.

निकालानंतर

दोघांनाही निकाल कळवा, तोही लेखी. खरी परीक्षा त्यानंतर असते: तक्रारदाराची रजा नामंजूर होऊ लागते, मूल्यांकन घसरतं, तो आला की बोलणारे गप्प होतात. म्हणून महिन्यानं आणि पुन्हा तीन महिन्यांनी तक्रारदाराला आणि साक्ष दिलेल्यांनाही भेटा. "आता सगळं ठीक ना?" असं विचारलंत तर "हो" एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात कुठल्या मीटिंगला बोलावलं नाही? कुठलं काम काढून घेतलं? आणि उत्तर तारखेसकट लिहून घ्या.