बाप-लेकासाठी संकासुर

गुहागरकडच्या आमच्या शिमग्यात संकासुर, म्हणजे काळा झगा, उंच टोकदार टोपी, दाढी आणि कमरेला घुंगरू असं सोंग, आला की लहान पोरं आईच्या पदरामागे लपतात. यंदा जावेच्या दहा महिन्यांच्या बाळाला आणि त्याच्या बाबांना जोडीने तोच वेश शिवला. मुंबईची भाची ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनलाही हाच मागतेय. पद्धत तीच.

आधी कापड. काळं सुती पॉपलीनच घ्या. सॅटिन चमकतं खरं, पण आपल्या दमट हवेत बाळाला घामोळं येतं. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत कापड धुवा. त्याने रंग अंगाला लागत नाही आणि कापड आटायचं ते आधीच आटतं.

बाळाचं माप टेपने घेत बसू नका, ते हलतंच. त्याचं सैलसं झबलं वर्तमानपत्रावर ठेवून आखा, शिलाईला चहूबाजूंनी दीड सेंमी सोडा. पायांच्या मध्ये टिचबटणं लावा, लंगोट बदलताना सगळं उतरवावं लागत नाही. गळ्याला नाडी नको. घुंगरू, मणी तर मुळीच नकोत, तोंडात जातात. मी पिवळ्या फेल्टचे गोल शिवले. दाढी झबल्याच्या छातीवरच शिवा, तोंड मोकळं राहू दे.

बाबांचा झगा जुन्या सदऱ्यावरून बेता, नाचायला काखेत जास्त सैल. टोपीसाठी सुतळीला खडू बांधून ६० सेंमी त्रिज्येचा कंस काढा, कंसावर डोक्याचा घेर अधिक ३ सेंमी मोजा, दोन्ही टोकं मध्यबिंदूला जोडून कापा. आत बकरम (ताठ राहण्यासाठीचं कडक कापड) घाला. कमरेचे खरे घुंगरू मात्र बाबांनाच.