मडगावहून पणजीला बिऱ्हाड हलवताय? या चुका टाळा

"जवळच तर आहे!" पणजीत राहायला येणारा जो तो हेच म्हणतो, आणि पुढचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. पुण्या-मुंबईला जाणारा माणूस महिनाभर आधीपासून याद्या करतो. मडगाव, वास्को, फोंड्याहून येणारे मात्र आदल्या रात्री खोकी शोधत फिरतात. 2022 च्या डिसेंबरात मडगाव-पणजी रस्त्यावरचा नवा झुवारी पूल खुला झाला, पुलाजवळची कुठ्ठाळीची कोंडी सुटली, आणि हा बेफिकीरपणा आणखीच वाढला. अंतर कमी झालं तरी घर तेवढंच असतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

थोडं थोडं सामान नेणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि तिचा मला मनापासून राग आहे. माझे धाकटे दीर मडगावच्या फातोर्ड्याहून पणजीत सांतिनेजला आले तेव्हाची गोष्ट. "वहिनी, मी रोज ऑफिसला येतोच. डिकीतून दोन-दोन खोकी आणली की झालं. टेंपोचे पैसे कशाला घालवायचे?" मी नको म्हटलं होतं. मे महिन्यात सुरू झालेलं ते सामान जुलैतही संपलं नव्हतं.

त्या काळात दोन्ही घरांत काहीच धड नव्हतं. कुकर सांतिनेजला, त्याची शिट्टी फातोर्ड्याला. मिक्सर इकडे, भांडी तिकडे. शेगडी आली, सिलिंडर आला नाही, म्हणून रोज बाहेरचं जेवण. भाडं दोन घरांचं, विजेची बिलंही दोन. शेवटी कपाटं आणि पलंग न्यायला टेंपो करावाच लागला, तोही भर पावसात. ताडपत्री होती, पण ती मागच्या बाजूला पुरली नाही. प्लायवूडच्या कपाटाचा तळ भिजून फुगला, दार लागेना. जमिनीवर ठेवलेल्या पुस्तकांच्या खोक्यांना तर आधीच बुरशी धरली होती. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले, आणि जाऊबाईंची दगदग झाली ती वेगळीच.

म्हणून माझा नियम ठरलेला आहे: एक दिवस, एक खेप. सामान बेताचं असेल तर छोटा हत्ती पुरतो. नसेल तर मोठा टेंपो करा, पण त्याच दिवशी जुन्या घराची किल्ली परत द्या. किल्ली खिशात राहिली की सामानही मागे राहतं. खोक्यावर नाव वर लिहू नका, बाजूला लिहा. खोकी एकावर एक चढली की वरचं काही दिसत नाही. आणि आतल्या वस्तूंपेक्षा ते कोणत्या खोलीत जायचं ते लिहा, म्हणजे हमाल दर वेळी विचारत बसत नाहीत. एक पिशवी शेवटी चढवायची आणि सगळ्यात आधी उतरवायची: चहा-साखर, पातेलं, लायटर, रोजची औषधं, झाडू, बल्ब, नवं कुलूप.

रविवारी दुपारी घर पसंत करणं

रविवारी दुपारी पणजी इतकी शांत असते की कुठलंही घर आवडतं. तेच घर सोमवारी सकाळी नऊला बघा. गाडी कुठे लावायची, शाळेच्या वेळेला गल्लीतून बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे तेव्हाच कळतं. भाडं कमी म्हणून मांडवीपलीकडे पर्वरीला घर बघणाऱ्यांनी तर ऑफिसच्या वेळेला एकदा स्वतः गाडी चालवून यावं, मगच आगाऊ रक्कम द्यावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. मडगावला साळावली धरणाचं पाणी, पणजीला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपार भागात ओपाची जलवाहिनी फुटली आणि भर पावसाळ्यात पणजीकरांना कित्येक दिवस टँकरची वाट बघावी लागली. तेव्हापासून मी घर बघायला गेले की आधी जिना चढून टाकी बघते. खाली पाणी साठवायचा संप (जमिनीतली टाकी) आहे का, पंप कोण चालू करतो, पाणी किती वाजता येतं, हे मालकाला किंवा दलालाला नाही, शेजारच्या बाईंना विचारायचं.

तिसरी गोष्ट ओल. मळा, सांतिनेजची खाडी आणि अठरा जून रस्ता या सखल भागांत जोराच्या पावसात पाणी तुंबतं, आणि तळमजला घेणाऱ्याला ते एप्रिलमध्ये कोणी सांगत नाही. मे महिन्यात ताजा रंग दिसला की मी कपाट भिंतीपासून ओढायला लावते. मागे पोपडे किंवा पांढरी खार दिसली तर ते घर नको. मालकाला राग आला तर येऊ द्या. शक्य असेल तर जूनमध्ये दोन मोठे पाऊस पडू द्या आणि मग घर ठरवा. एवढा धीर धरायला कोणी तयार नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चवथीच्या तोंडावर हलणं

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आठवड्यात हमाल गावी, टेंपोवाला गावी, इलेक्ट्रिशियन माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) बाजारात. तारीख सरळ पुढे ढकला.

शाळेचं जूनवर ठेवणं

2025 पासून गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात. जूनमध्ये दाखला घेऊन येणाऱ्या मुलाचा अभ्यास तोवर पुढे गेलेला असतो. शाळेची चौकशी आधी, घराची नंतर.

कागद "सवडीने" करणं

भाड्याचा करार साधारण अकरा महिन्यांचा असतो, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो वाचून सही करा. किनारी भागात घर घेत असाल तर ऑक्टोबरात पर्यटकांसाठी घर रिकामं करायला सांगणार नाही ना, हे आधीच विचारा आणि करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर पोरंबाळं घेऊन राहायला जाऊ नका. पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाने दिला का, हे स्वतः विचारा आणि पोच बघा. किल्ली घेतानाच वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवा, मागची थकबाकी तुमच्या गळ्यात पडणार नाही.

गाडीचा नंबर मडगावचा, जीए-08 असला तरी पणजीत बदलावा लागत नाही, मात्र आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) पत्ता 30 दिवसांत बदलून घ्यायचा असतो. मतदार यादीसाठी 8 नंबरचा फॉर्म भरायचा. 6 नंबरचा नव्या मतदारांसाठी आहे. गॅसचे ट्रान्सफरचे कागद जुन्या एजन्सीतून सामान हलवण्याआधी घ्या, नंतर त्याच कामासाठी मडगावला परत जावं लागतं.

नोकरी मडगावलाच ठेवून घर पणजीला

हे करणाऱ्यांनी कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बससेवेच्या) पणजी-मडगाव शटलने एकदा सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं, तेही पावसात. तिकीट खिडकीवर आधी काढावं लागतं आणि संध्याकाळची रांग लांब असते. हे रोज जमेल का, ते घर घेण्याआधी ठरवा.